सीपॅप: "होईल गं सवय" म्हणणाऱ्यांसाठी आणि ऐकणाऱ्यांसाठी

सीपॅप मशीन (झोपेत श्वास मध्येच थांबण्याच्या, म्हणजे स्लीप ॲप्नियाच्या, आजारावर रात्री मास्कमधून हवा देणारं मशीन) सुरू केल्यापासून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "होईल गं सवय". डॉक्टर म्हणाले, मशीन लावून द्यायला आलेला टेक्निशियन म्हणाला, आणि ज्यांनी आयुष्यात कधी तोंडाला मास्क लावून झोपून बघितलेलं नाही असे नातेवाईक तर जास्तच ठामपणे म्हणाले. आता ते खोटं आहे असं नाही, होते सवय बऱ्यापैकी, पण नवीन माणसाला त्या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. त्यातून असं वाटतं की आपण दातओठ खाऊन सहन करत राहायचं आणि मग एक दिवस आपोआप सगळं सुरळीत होणार. माझं तसं झालं नाही. मला जे जे त्रास झाले त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी ठोस कारण निघालं, कुठे सेटिंग, कुठे मास्कचा साईज, कुठे चोंदलेलं नाक, आणि ते कारण सापडलं तेव्हाच तो त्रास गेला. नुसत्या सहनशक्तीने एकही गेला नाही. लांबलचक लिहिणार आहे, सवडीने वाचा.

आधी एक खुलासा, हा ऑक्सिजन नाही. बघणाऱ्या प्रत्येकाला तो ऑक्सिजनच वाटतो, माझी मावशी तर फोनवर रडायलाच लागली की इतकी तब्येत बिघडली आणि मला कुणी कळवलंही नाही. मशीन खोलीतलीच हवा आत घेतं, फिल्टरमधून गाळतं आणि थोड्या दाबाने नळीतून नाकात सोडतं, बस एवढंच. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकतो, आणि ज्यांची वाट मुळातच अरुंद आहे त्यांची ती श्वास आत घेताना बंद होते, ओला फुगा आतून चिकटतो ना तशी. मशीनची हवा ती वाट आतून उघडी ठेवते. श्वास आपला आपणच घ्यायचा असतो, मशीन आपल्या वतीने श्वास घेत नाही, आणि हे मला पहिल्या दिवशी कुणी नीट सांगितलं असतं तर माझी निम्मी धडधड कमी झाली असती.

माझं निदान व्हायला उशीर लागला कारण सगळ्यांच्या डोक्यात स्लीप ॲप्निया म्हणजे गडगडाटी घोरणारा लठ्ठ पुरुष, आणि मी त्यात बसत नव्हते. बायकांमध्ये लक्षणं बऱ्याचदा वेगळीच दिसतात, थकवा, रात्री सारखी जाग येणं, सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, चिडचिड, उगाच उदास वाटणं, आणि पाळी गेल्यानंतर हा त्रास होण्याची शक्यता वाढते. या सगळ्यावर आधी थायरॉईड तपासून झालं, हिमोग्लोबिन झालं, बी१२ झालं, "या वयात होतं असं" हेही ऐकून झालं. शेवटी नवराच म्हणाला की तुझा श्वास मध्येच थांबतो आणि मग तू दचकून घेतेस, मी कधी कधी जागा राहून बघत असतो. (हे त्याने इतके महिने का सांगितलं नाही यावर आमचं स्वतंत्र भांडण झालं, ते इथे नको.) मग घरीच करायची स्लीप स्टडी, छातीला पट्टा, नाकाखाली बारीक नळी, बोटाला ऑक्सिमीटर. रिपोर्टमध्ये एएचआय ३४. एएचआय म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच कमी झाला तो आकडा. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. तासाला ३४ म्हणजे साधारण दर पावणेदोन मिनिटांनी एकदा. हा भागाकार मी डॉक्टरांच्या समोर बसूनच मनात केला आणि मग त्यांनी पुढे काय सांगितलं ते मला फारसं आठवत नाही.

निदान झाल्यावर रात्री जागून वाचत बसणं हे आलंच (आधीच झोपेची बोंब, त्यात हे). त्यात एक गोष्ट वाचून मला बरं वाटलं. १९८० पर्यंत तीव्र ॲप्नियावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं, ट्रेकिऑस्टॉमी. सिडनीतले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांच्यासमोर असाच एक पेशंट होता, त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी चालवून नाकातून हवा द्यायचा प्रयोग केला आणि तो रात्रभर झोपला. १९८१ मध्ये पाच पेशंटवरचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सुरुवातीचे मास्क रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला अक्षरशः चिकटवायला लागायचे आणि सकाळी सोलून काढायचे, आणि मशीनचा आवाज तर विचारूच नका. माझ्या मास्कच्या पट्ट्यांबद्दल कुरकुर करताना मी स्वतःला हे आठवून देते, दोन मिनिटं उपयोग होतो, मग परत कुरकुर.

आता मूळ मुद्दा, म्हणजे त्रास.

पहिल्या रात्री मास्क लावला आणि वाटलं जीव गुदमरतोय. सगळ्यांना वाटतं हे जास्त हवेमुळे होतं, मलाही तसंच वाटलं आणि मी फोन करून प्रेशर कमी करून मागितलं. निघालं उलटंच. सीपॅपचं प्रेशर सेंटिमीटर पाण्याच्या मापात मोजतात, बहुतेक मशीन ४ ते २० पर्यंत जातात. झोप लागेपर्यंत त्रास होऊ नये म्हणून रॅम्प नावाचं सेटिंग असतं, ते कमी दाबाने सुरू करून हळूहळू वाढवत नेतं, आणि माझं ४ पासून सुरू होत होतं. आता ४ वर हवा इतकी कमी असते की पुष्कळ मोठ्या माणसांना पुरेशी हवा मिळत नाहीये असं वाटतं, मास्कमध्ये आपलाच श्वास परत घेतोय असं वाटतं. डॉक्टरांना विचारून सुरुवातच ६ वर ठेवली आणि ते गुदमरणं त्याच रात्री गेलं. म्हणजे मी कमी मागत होते आणि मला जास्त हवं होतं. तुम्हालाही पहिली दहा-पंधरा मिनिटंच कोंडल्यासारखं होत असेल आणि नंतर ठीक वाटत असेल तर हे जरूर विचारा. पण सेटिंग स्वतःच्या मनाने बदलू नका, माझं ऑटो मशीन आहे म्हणजे ते ठरवून दिलेल्या हद्दीत स्वतःच कमीजास्त करतं, ती हद्द डॉक्टरने ठरवायची.

आणि प्रेशर या शब्दाला फार घाबरायचं कारण नाही हेही सांगते. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे आपल्यावर एरवी जो हवेचा दाब असतोच त्याच्या साधारण एक टक्का. फुप्फुस फुटेल का वगैरे प्रश्न माझ्या डोक्यात होते, मुलीने कॅल्क्युलेटर काढून दाखवलं तेव्हा गेले.

श्वास सोडताना मात्र खरंच विचित्र वाटतं. आत घेणं सोपं, बाहेर सोडताना समोरून कुणीतरी फुंकतंय असं. त्यासाठी बऱ्याच मशीनमध्ये श्वास सोडताना दाब थोडा उतरवायची सोय असते, प्रत्येक कंपनीने तिला आपापलं नाव दिलंय, साधारण १ ते ३ असे आकडे असतात. माझं चुकून बंदच राहिलं होतं. चालू केल्यावर मी पहिल्यांदा मास्क लावून कुशीवर वळले, तोपर्यंत पाठीवर ताठ पडून छताकडे बघत असायचे.

मास्कबद्दल मी वेगळं पुस्तक लिहू शकते. सीपॅप सोडून देणाऱ्यांपैकी कितीजण मशीनमुळे सोडतात आणि कितीजण मास्कमुळे, असं कुणी मला विचारलं तर मी डोळे मिटून मास्क म्हणेन. तीन प्रकार ढोबळमानाने, नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस, फक्त नाकावर बसणारा नेझल, आणि नाकपुड्यांना टेकणारे छोटे पिलो. मला पहिल्यांदा फुल फेस दिला, कारण विचारलं "तोंड उघडं राहतं का झोपेत" आणि मी म्हणाले हो. आता ज्याचं नाक रात्री बंद होतं, ज्याला ॲप्निया आहे, त्याचं तोंड उघडं राहणारच ना, तो त्या आजाराचाच भाग आहे. हवेने वाट मोकळी झाल्यावर कित्येकांचं तोंड आपोआप मिटायला लागतं. शिवाय फुल फेसला लीक (मास्कच्या कडेने हवा निसटणं) जास्त, काही जणांमध्ये तो हनुवटी मागे ढकलतो आणि दाबही जास्त लागतो. अमेरिकेतल्या झोपविषयक डॉक्टरांच्या संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या गाइडलाइनमध्येही शक्य असेल तिथे नेझल किंवा पिलो आधी वापरून बघा असंच सुचवलंय. मी नेझलवर आले आणि दोन-तीन रात्री तोंडातून हवा फस्सकन बाहेर यायची, जीभ टाळूला लावून ठेवायची सवय केली, मग ते थांबलं. ज्यांचं नाक खरंच कायम बंद आहे त्यांना फुल फेसच लागेल, त्यात काही कमीपणा नाही. आणि इंटरनेटवर तोंडाला चिकटपट्टी लावायचे सल्ले मिळतात, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, नाक चोंदलं किंवा उलटी झाली तर काय.

लीकचं आणखी एक, जे मला फार उशिरा कुणीतरी दाखवलं. लीक झालं की आपला हात पहिला पट्टा ओढायला जातो. पण मास्कची गादी हवेने फुगून चेहऱ्यावर बसते, पट्टा फार आवळला की ती चपटी होते आणि कडेने अजून लीक होतं, मग आपण अजून आवळतो, आणि सकाळी नाकाच्या हाडावर लाल खड्डा. बरोबर पद्धत अशी की मशीन चालू करायचं, झोपायच्या पोझिशनमध्ये आडवं व्हायचं, मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून परत ठेवायचा म्हणजे गादी नीट फुगते, आणि मग पट्टे फक्त हवा थांबेपर्यंत ओढायचे. बसून फिटिंग करून काही उपयोग नाही, आडवं झालं की गाल सरकतात. (पन्नाशीनंतर जरा जास्तच सरकतात.) मास्कवर समोर बारीक भोकं असतात त्यातून येणारी हवा म्हणजे लीक नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली असतात, आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यातूनच बाहेर जातो, त्यामुळे ती बोटाने बुजवू नका. माझ्या मास्कची ती हवा नेमकी नवऱ्याच्या मानेवर जायची, एसी लावल्यासारखी थंडगार, मग आम्ही बाजू बदलल्या.

आणि बायकांनो, रात्रीची क्रीम. माझं लीक काही दिवस चांगलं असायचं आणि काही दिवस भयंकर, काही पॅटर्नच कळेना, शेवटी लक्षात आलं की क्रीम लावलेल्या रात्री सिलिकॉन गालावरून घसरतंय. आता क्रीम संध्याकाळीच लावते आणि झोपायच्या आधी नाकाच्या आजूबाजूला साध्या पाण्याने पुसून घेते. गादी रोज सकाळी सौम्य साबणाने धुतली तर तीही जास्त दिवस टिकते, चेहऱ्याचं तेल तिला खातं. केस मोकळे ठेवले तर पट्टे सरकतात, वर बांधले तर मागचा पट्टा अंबाड्यावर चढतो, सैल वेणी खाली सोडणं हा आमच्या घरातला सध्याचा तोडगा.

नाकाचं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात माझं नाक वाळवंट झालं होतं, शिंका, जळजळ, आणि मग उलट चोंदणं. याचं कारण मजेशीर आहे. तोंडातून हवा लीक होत असेल तर नाकातून हवा एकाच दिशेने, आत, सतत वाहत राहते, परत येताना जो ओलावा नाकाला मिळतो तो मिळतच नाही, आतली त्वचा कोरडी पडते, सुजते, नाक बंद होतं, नाक बंद झालं की तोंड अजून उघडतं. ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) वाढवला, झोपायच्या आधी सलाइनने नाक धुवायला लागले आणि डॉक्टरांनी काही दिवस नाकातला स्प्रे दिला, तेव्हा ते चक्र तुटलं. ह्युमिडिफायर जास्त वाढवला की मात्र पहाटे नळीत पाणी साठतं आणि गुडगुड आवाज येऊन नाकावर थेंब पडतो, खोली गार असेल तर हमखास. नळी पांघरुणात घेतली किंवा गरम होणारी नळी घेतली की थांबतं. डिस्टिल्ड वॉटरच वापरायचं, साध्या पाण्यातले क्षार टाकीत पांढरे थर करतात.

पोटात हवा जाणं हा विषय कुणी चारचौघात बोलत नाही म्हणून मी बोलते. सकाळी पोट फुगलेलं, ढेकरांवर ढेकर, मला वाटलं ॲसिडिटी. हवा घशातून खाली अन्ननलिकेत जाते, त्याला एरोफेजिया म्हणतात, आणि तो सीपॅपचा ओळखीचा त्रास आहे. डॉक्टरांनी मशीनचा डेटा बघून वरची हद्द थोडी खाली आणली, मी उशाकडची बाजू जरा उंच केली आणि जेवून लगेच आडवं होणं बंद केलं. पूर्ण गेला नाही, पण आता सकाळची मीटिंग अवघडल्याशिवाय होते.

आता सगळ्यात चक्रावणारी गोष्ट. झोपताना मास्क तोंडावर, सकाळी उशीखाली, आणि कधी काढला ते आठवतच नाही. नवरा म्हणाला तू तीनच्या सुमारास शांतपणे काढून ठेवतेस, मशीनही बंद करतेस. मी झोपेत इतकी व्यवस्थित आहे हे मला माहीत नव्हतं. यावर लोक म्हणतात मन घट्ट कर, पण झोपेत मन कसं घट्ट करणार? त्या वेळेचा डेटा बघितला तर त्याच्या आधी दहा-पंधरा मिनिटं लीक वाढलेलं असायचं, म्हणजे हवेचा फवारा डोळ्यात जायला लागला की हात आपोआप मास्क काढत होता. लीक आटोक्यात आलं तसं काढणंही कमी झालं. दुसरा उपाय दिवसाचा, संध्याकाळी टीव्ही बघताना किंवा वाचताना मास्क लावून मशीन चालू ठेवायचं, झोपायचा प्रयत्न न करता. आधी नुसता मास्क हातात धरून, मग पट्टे लावून, मग हवा चालू करून. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांच्यासाठी झोपेचे डॉक्टर हीच पद्धत सांगतात आणि मला तरी ती कुठल्याही निग्रहापेक्षा जास्त कामाची वाटली. दुपारी डुलकी घेणार असाल तर तेव्हाही मास्क लावा, ॲप्निया दुपार बघून थांबतो थोडाच.

आणि तीन वाजता काढला तर काय बिघडलं, चार तास तर झाले, असं मला वाटायचं, कारण मशीनच्या ॲपमध्ये चार तासांना हिरवी टिक मिळते. ते चार तास मुळात अमेरिकेतल्या इन्शुरन्सच्या हिशोबातून आलेत, पेशंट मशीन वापरतोय की नाही ते ठरवायला, तिथे ७० टक्के रात्री किमान चार तास असा नियम आहे. शरीराला तो नियम माहीत नाही. स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या वेळी स्नायू सगळ्यात सैल असतात आणि ॲप्निया बऱ्याच जणांत सगळ्यात वाईट, बायकांमध्ये तर विशेष. म्हणजे मी नेमका गरजेचा भाग मशीनशिवाय काढत होते. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांवर सेव्ह नावाचा एक मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आला, अडीच हजारांपेक्षा जास्त लोक होते, आणि सीपॅपने पुढचे हार्ट ॲटॅक-स्ट्रोक कमी झाल्याचं काही दिसलं नाही. लोक तो दाखवून म्हणतात बघा मशीनचा फायदा नाही. पण त्यात लोकांनी सरासरी रात्रीला ३.३ तासच मशीन लावलं होतं, आणि तेवढ्यातही दिवसाची पेंग आणि मूड सुधारला होता. मी यातून इतकाच अर्थ घेतला की मशीन कपाटात ठेवून फायदा मोजता येत नाही.

डेटाचं वेड हा वेगळाच आजार. रोज सकाळी डोळे उघडले की आधी ॲप, एएचआय १.८ की खूश, ५.२ की दिवस खराब. मी नवीन लोकांना सांगेन की आठवड्यातून एकदाच बघा. एका रात्रीचा आकडा फार काही सांगत नाही, जरा पाठीवर जास्त झोपलात, सर्दी होती, दारू घेतली, झोपेची गोळी घेतली, की हलतो. आणि मशीन तुम्ही खरंच झोपलेले आहात की जागे पडून आहात हे ओळखत नाही, जागेपणी श्वास रोखलात तरी तो मोजतं. सुरुवातीला काहींना मशीनमुळेच नवीन प्रकारचे, मेंदूकडून सिग्नल न आल्यामुळे होणारे थांबे दिसतात, त्याला सेंट्रल म्हणतात, बहुतेकांचे काही आठवड्यांत कमी होतात, पण आकडा सतत चढाच राहिला तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. रोजचा आकडा बघण्यापेक्षा लीकचा आलेख बघा, तिथे तुम्हाला खरंच काहीतरी करता येतं.

फरक कधी पडला हे विचारतात सगळे. काही जण पहिल्याच सकाळी ताजेतवाने उठतात, अशा लोकांच्या कहाण्या वाचून मला माझंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं. मी उठले ती आधीपेक्षा दमलेली, आणि पहिल्या काही रात्री स्वप्नं इतकी लांबलचक आणि रंगीत की उठल्यावर थकवा, कारण इतकी वर्षं तुटक मिळालेली आरईएम झोप शरीर एकदम वसूल करत होतं. पहिला खरा फरक भलत्याच ठिकाणी पडला, रात्री लघवीला उठणं बंद झालं. मी ते वयावर टाकलं होतं. कारण असं की श्वासाची वाट बंद असताना छाती आत ओढण्याचा जोर लावत राहते, त्या ओढीने हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय आणि ते किडनीला पाणी बाहेर टाकायचा निरोप देणारं हार्मोन सोडतं. घशाच्या आजाराने मूत्राशय जागं करावं हे मला अजूनही कमाल वाटतं. मग सकाळची डोकेदुखी गेली. पेंग मात्र हळूहळूच उतरली. एपवर्थ नावाची एक प्रश्नावली आहे, मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये मेलबर्नमध्ये केलेली, आठ प्रसंग दिलेले असतात, वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर वगैरे डुलकी लागण्याची शक्यता किती ते ० ते ३ मध्ये लिहायचं, बेरीज १० च्या वर म्हणजे पेंग जास्त. सुरू करण्याआधी माझी १७ होती, आता ८ आहे. मशीन नीट चालू असूनही काहींची पेंग उरते, तेव्हा आळशी म्हणून ऐकून घेऊ नका, त्याचीही तपासणी आणि औषधं असतात.

मधूनमधून सल्ले येतातच, वजन कमी कर म्हणजे मशीन जाईल. वजनाचा संबंध आहे, नक्की आहे, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) टिर्झेपेटाइड हे वजनाचं औषध लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मंजूरही केलंय. पण जबडा लहान असेल, टॉन्सिल मोठे असतील तर बारीक माणसालाही हे होतं, आणि वजन उतरल्यावर परत स्लीप स्टडी करूनच मशीन सोडायचं, अंदाजाने नाही. जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरणही असतं, सौम्य-मध्यमला ते चालतं बऱ्याच जणांना. मशीन निर्जंतुक करणारी ओझोनची डबी विकायला कुणी आलं तर घेऊ नका, एफडीएने २०२० मध्ये तेव्हाच्या अशा डब्या मंजूर नसल्याचं सांगितलं होतं. साबण-पाणी पुरतं.

एक बोलायचं राहतंच, लाज. मला नवऱ्यासमोर तो मास्क लावताना रडू यायचं. आधीच वय, त्यात हे सोंड लावल्यासारखं रूप, असं वाटायचं. तो म्हणाला, अगं मला आता झोप लागते, तू श्वास घेतेयस का बघायला उठावं लागत नाही. त्याने माझी लाज गेली असं नाही, पण तो इतके महिने जागा राहत होता हे मला तेव्हा कळलं, आणि मग मास्क लावण्याबद्दल घासाघीस करणं मला जमेना. आता दिवा घालवल्यावर आमच्या गप्पा मारून होतात आणि मग मी मास्क लावते, आधी नाही. जवळिकीलाही हाच नियम, मास्क नंतर. नव्या जोडप्यांना कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

सर्दी झाली की काय करायचं हे मला अजून पूर्ण जमलेलं नाही. नाक पूर्ण बंद असेल तर जुना फुल फेस कपाटातून काढते, म्हणून तो फेकू नका. प्रवासात मशीन हँडबॅगेतच, सामानात कधीच नाही, आणि टाकीतलं पाणी आधी ओतून टाकायचं, नाहीतर ते मोटरमध्ये जातं. सोबत एक्स्टेंशन कॉर्ड, कारण पलंगाजवळ प्लग असेलच असं नाही.

सध्या माझं भांडण नळीशी आहे. डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळलं की ती मानेखाली येते, मास्क ओढला जातो आणि तिथेच लीक. डोक्यामागे पलंगाच्या दांडीवरून वळसा देऊन बघितलं, थोडं जमलं. आता कडेने खाचा असलेली उशी घेऊ का विचार करतेय, म्हणजे मास्क उशीवर दाबला जाणार नाही. कुणी वापरली असेल तर कमेंटमध्ये सांगा, विशेषतः नेझल मास्कवर कशी वाटते ते.